एस्टिमेट चुकतं ते शीटमध्ये नसलेल्या कामांमुळे

प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांची टीम आहे. क्लायंटने दोन पानी टिपण पाठवलंय. यंत्रदुरुस्तीच्या तक्रारी नोंदवायच्या, तंत्रज्ञाकडे सोपवायच्या, काम झालं की बंद करायच्या आणि चार रिपोर्ट काढायचे, अशी प्रणाली हवी आहे. आठवडाभरात ‘किती महिने आणि किती माणसं’ हे सांगायचंय. आजवरची एस्टिमेट्स दीडपट-दुप्पट चुकत आली आहेत. तर फंक्शन पॉइंट, कोकोमो, स्टोरी पॉइंट या अंदाज काढायच्या पद्धतींतलं काय वापरावं, आणि वर बफर, म्हणजे जादा राखीव वेळ, किती टक्के धरावा?

बफरकडे नंतर येतो. पद्धत कोणती, हा प्रश्नही मला दुय्यम वाटतो. तुमच्या तक्रारीतला महत्त्वाचा शब्द ‘दीडपट-दुप्पट’ हा आहे. नुसता अंदाजच चुकत असता तर तो कधी कमी, कधी जास्त असा दोन्ही बाजूंना चुकला असता. तुमचा दर वेळी एकाच बाजूला चुकतोय. म्हणजे काहीतरी दर वेळी धरायचंच राहून जातंय. एखाद्या संपलेल्या प्रोजेक्टची एस्टिमेट शीट काढा आणि त्याच प्रोजेक्टच्या टाइमशीट्स, म्हणजे प्रत्यक्ष लागलेल्या तासांच्या नोंदी, शेजारी ठेवून बघा. शीटमध्ये लिहिलेली कामं थोडीफार लांबलेली दिसतील, ते चालायचंच. पण वाढलेल्या तासांतला मोठा हिस्सा अशा कामांचा निघेल, ज्यांच्या नावाची ओळच शीटमध्ये नव्हती. त्यामुळे पद्धत निवडताना मी एवढंच बघतो की या प्रकारच्या कामात राहून गेलेल्या ओळी ती किती बाहेर काढते.

त्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या. काम केवढं आहे, हा आकाराचा प्रश्न. ते करायला किती मनुष्यतास लागतील, हा श्रमाचा. आणि कॅलेंडरवर ते कधी संपेल, हा मुदतीचा. दोन पानी टिपण वाचून ‘चार महिने’ असं एका दमात सांगणारा माणूस या तिन्हींची उत्तरं एकत्र कालवून देत असतो. मग पुढे चूक झाली तर ती नेमकी कुठे झाली हे शोधताच येत नाही. काम जास्त निघालं, की टीमचा वेग कमी पडला, की माणसं उशिरा मिळाली? तिन्ही चुकांवरचे उपाय वेगळे आहेत.

आधी आकार. फंक्शन पॉइंटची पद्धत आयबीएममधल्या ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ साली मांडली. फॉर्म, टेबलं, रिपोर्ट अशा प्रकारच्या प्रणालींना ती अजूनही चांगली बसते. ती कोडच्या ओळी मोजत नाही, वापरणाऱ्याला काय मिळतं ते मोजते. मोजायचे प्रकार पाच: प्रणाली स्वतः सांभाळते ते डेटाचे गट, दुसऱ्या प्रणालीकडून फक्त वाचायचे डेटाचे गट, आत येणारी नोंद, हिशेब करून बाहेर जाणारी माहिती आणि नुसती शोधून दाखवायची माहिती. प्रत्येकाला सोपं, मध्यम, कठीण असं वजन असतं. स्वतःच्या डेटा-गटाला ७, १० किंवा १५. बाहेरच्या डेटा-गटाला ५, ७ किंवा १०. नोंदीला आणि शोधाला ३, ४ किंवा ६. हिशेबी आउटपुटला ४, ५ किंवा ७. कोणतं वजन लावायचं हे किती फील्ड्स आणि किती डेटा-गट गुंतलेत त्यावरून ठरतं. त्याचे तक्ते आहेत, पण पहिल्या फेरीत डोळ्यांनी ठरवलं तरी फारसं बिघडत नाही.

तुमचंच टिपण घेऊ. डेटाचे गट: ग्राहक, यंत्र, तंत्रज्ञ, सुटे भाग आणि तक्रार. पहिले चार सोपे धरले तर २८, तक्रार मध्यम म्हणून १०, मिळून ३८. बिलाची स्थिती अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमधून वाचायची आहे, असं टिपणाच्या दुसऱ्या पानावर एका ओळीत म्हटलंय. तो बाहेरचा गट, ५. आता नोंदी. टिपणात तीनच दिसतात: तक्रार नोंदवा, सोपवा, बंद करा. पण ग्राहकाचं नाव बदलणार, तंत्रज्ञ सोडून जाणार, सुट्या भागांची यादी कोणीतरी भरणार. पाचही गटांना ‘नवीन, बदल, काढून टाका’ लावलं की १५ होतात, वर सोपवणं आणि बंद करणं मिळून १७. तक्रारीच्या पाच नोंदी मध्यम, म्हणजे २०. बाकीच्या बारा सोप्या, म्हणजे ३६. पाच गटांचे पाच साधे शोध, १५. चार रिपोर्ट मध्यम, २०. तंत्रज्ञाला आणि ग्राहकाला आपोआप जाणारे दोन संदेश, ८. एकूण १४२ पॉइंट.

१४२ हा आकडा क्षणभर बाजूला ठेवा. टिपणात तीन नोंदी होत्या आणि मोजल्यावर सतरा झाल्या, ही खरी कमाई. या चौदा ओळी तुमच्या नेहमीच्या शीटमध्ये ‘मास्टर्स (मूळ याद्या) – ३ दिवस’ अशा एका ओळीत कोंबलेल्या असतात, किंवा नसतातच.

आता एक उलटतपासणी. नेदरलँड्समधल्या नेस्मा या संस्थेने अगदी सुरुवातीच्या मोजणीसाठी एक झटपट सूत्र दिलंय: स्वतःच्या प्रत्येक डेटा-गटाला ३५ पॉइंट आणि बाहेरच्या प्रत्येक गटाला १५. तुमच्या पाच आणि एक गटांचे होतात १९०. आपण मोजले १४२. फरक कुठून आला? सूत्रामागचं गृहीतक असं की स्वतःच्या प्रत्येक गटामागे सरासरी तीन नोंदी, दोन हिशेबी आउटपुट आणि एक शोध असतो. नोंदी आणि शोध आपले जुळतात. आउटपुट पाच गटांमागे दहा अपेक्षित आहेत आणि आपल्याकडे सहाच आहेत. याचा अर्थ आपण चुकलो असं नाही, कदाचित या क्लायंटला खरंच चार रिपोर्ट पुरतील. पण माझा अनुभव असा की टिपणातले रिपोर्ट म्हणजे टिपण लिहिणाऱ्या माणसाला आठवलेले रिपोर्ट. सुटे भाग सांभाळणाऱ्या माणसाला अजून कोणी विचारलेलंच नाही. क्लायंटला पाठवायचा पहिला प्रश्न इथे मिळाला.

अल्ब्रेक्ट यांच्या पद्धतीत पुढे चौदा सामान्य गुणधर्मांना ० ते ५ गुण देऊन आकडा ३५ टक्क्यांपर्यंत खाली-वर करण्याची सोय आहे. मी ती वापरत नाही. आधीच ढोबळ असलेल्या आकड्याला चौदा मतांनी गुणल्याने तो नेमका होत नाही, फक्त दशांशचिन्हामुळे तसा दिसतो.

आता श्रम. इथे इंटरनेटवरचा कोणताही ‘एका पॉइंटला इतके तास’ असा दर उचलू नका. एका टीमच्या तासांत टेस्टिंग धरलेलं असतं, दुसरीच्या नसतं. एकीच्या तासांत मीटिंगा असतात, दुसरीच्या फक्त कोडिंग. दर तुमचा स्वतःचा हवा. तो काढणं वाटतं तितकं अवघड नाही. संपलेले दोन-तीन प्रोजेक्ट घ्या, जे प्रत्यक्षात दिलं गेलं त्याचे याच ढोबळ पद्धतीने पॉइंट मोजा आणि टाइमशीटमधल्या सगळ्या तासांना त्यांनी भागा. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या: कोड रिव्ह्यू, डेमो, बग फिक्सिंग, क्लायंटचे कॉल. एक दुपार पुरते. बहुतेक टीम्स ती दुपार काढत नाहीत. दर प्रोजेक्टनंतर पुढचं पाठ, मागचं सपाट, आणि नव्या एस्टिमेटला पुन्हा कोरी शीट.

समजा, तुमच्या तीन जुन्या प्रोजेक्टचे दर एका पॉइंटला ९, ११ आणि १६ तास निघाले. सरासरी काढून १२ लिहू नका. १६ तासांचा प्रोजेक्ट तसा का झाला ते आठवा. त्यात दुसऱ्या प्रणालीशी जोडणी होती का? या कामातही आहे. १४२ पॉइंटला ९ च्या दराने १२७८ तास, ११ च्या दराने १५६२, १६ च्या दराने २२७२. आणि आकार १९० निघाला आणि दरही १६ पडला, तर ३०४० तास. महिन्याला १५२ कामाचे तास धरले, कोकोमोत तेच धरतात, तर साधारण साडेआठपासून वीस मनुष्यमहिन्यांपर्यंत (एका माणसाचं महिनाभराचं काम म्हणजे एक मनुष्यमहिना). मधला आकडा दहाच्या आसपास.

एवढी मोठी रेंज बघून मॅनेजर वैतागेल, पण या टप्प्यावर ती तशीच असते. सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अभ्यासक बॅरी बोहम यांनी १९८१ साली दाखवलेला अनिश्चिततेचा आलेख आता बहुतेकांनी पाहिलेला असतो: अगदी सुरुवातीला खरा आकडा अंदाजाच्या पाव पट ते चौपट असू शकतो, मागण्या नीट ठरल्यावर साधारण दोन तृतीयांश ते दीडपट. लोक हा आलेख दाखवतात आणि काळ जाईल तशी रेंज आपोआप अरुंद होईल असं समजतात. नुसतं कॅलेंडर पुढे सरकल्याने काहीच अरुंद होत नाही. प्रश्न विचारून, उत्तरं लिहून घेऊन, दोन-तीन दिवस खर्चून ती अकाउंटिंगची जोडणी करून बघितली, की मगच होते.

बोहम यांचं कोकोमो, म्हणजे कोडच्या आकारावरून श्रम आणि मुदत काढायची सूत्रं, हेही त्याच वर्षीचं, ६३ प्रोजेक्टच्या आकड्यांवर बसवलेलं. साध्या प्रकारच्या कामासाठी त्याचं मूळ सूत्र असं: कोडच्या ओळी हजारांत घ्या, त्या आकड्याचा १.०५ वा घात काढा, २.४ ने गुणा, मनुष्यमहिने मिळतात. अडचण उघड आहे. काम सुरू व्हायच्या आधी ओळी किती होतील हे कोणाला माहीत? ती संख्या अंदाजाने घालायची असेल तर उत्तरही अंदाजच. म्हणून ते गुणक जसेच्या तसे आज वापरावेत असं मी म्हणणार नाही. पण सूत्राच्या घडणीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे घात. साध्या कामाला १.०५, मधल्या प्रकाराला १.१२, यंत्रात बसवलेल्या, कडक बंधनांच्या सॉफ्टवेअरला १.२०. काम दहापट झालं तर साध्या प्रकारात श्रम सव्वाअकरा पट होतात, शेवटच्या प्रकारात जवळजवळ सोळा पट. छोट्या प्रोजेक्टचा तासांचा दर मोठ्या प्रोजेक्टला सरळ लावला की हा फरक अंगावर येतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. तिचं सूत्र: मनुष्यमहिन्यांचा ०.३८ वा घात गुणिले २.५. आपले आकडे घालून बघा. साडेआठ मनुष्यमहिन्यांना साडेपाच-पावणेसहा महिने, दहाला सहा, वीसला पावणेआठ-आठ. श्रम दुपटीहून जास्त वाढले तरी मुदत दीडपटही वाढली नाही. हेच उलट वाचा: माणसं वाढवून मुदत फार कमीही करता येत नाही. दहा मनुष्यमहिने म्हणजे पाच माणसं दोन महिने, हा भागाकार कागदावरच खरा. तक्रारीच्या टेबलाची रचना ठरेपर्यंत रिपोर्टवाल्याने काय करायचं? पाच जणांत बोलण्याच्या जोड्या दहा असतात, दहा जणांत पंचेचाळीस. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवलंय. तरीही दर वर्षी कोणीतरी नव्याने प्रयोग करून बघतंच. छोट्या कामांना हे सूत्र मुदत जरा ऐसपैस देतं, म्हणून त्यातला नेमका आकडा धरून बसू नका. तुमचे तीन जुने प्रोजेक्ट किती महिने चालले, त्याच्याशी ताडून बघा. आणि लक्षात ठेवा, मागण्या ठरवण्याचा टप्पा त्या सूत्रात धरलेलाच नाही.

आता फंक्शन पॉइंटलाही न दिसणाऱ्या ओळी. सगळ्यात आधी जुना डेटा. क्लायंट सहज म्हणतो, ‘आमच्याकडे एक्सेलमध्ये सगळं आहे, तेवढं आत घ्या.’ एक्सेलमध्ये एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी असतो. यंत्रांच्या नंबरांच्या सुरुवातीची शून्यं एक्सेलने खाल्लेली असतात. निम्म्या तारखांत दिवस आधी, निम्म्यांत महिना आधी, आणि ५ मार्च की ३ मे हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. बंद झालेल्या तक्रारींना तंत्रज्ञाचं नाव नसतं, आणि तुमच्या नव्या टेबलात तो रकाना अनिवार्य असतो. स्क्रिप्ट लिहायला दोन दिवस लागतात, पण साफ काय करायचं हे ठरवायला क्लायंटच्या माणसासोबत कित्येक बैठका होतात, आणि ती स्क्रिप्ट एकदा चालवून भागत नाही: चाचणीसाठी एकदा, दुरुस्त करून पुन्हा, आणि प्रत्यक्ष सुरू करायच्या आदल्या रात्री शेवटची. ही ओळ वेगळी लिहा. त्यासाठी एस्टिमेट द्यायच्या आधीच खऱ्या फाइलचा एक तुकडा मागून घ्या. तुकडा मिळत नसेल तर तसं गृहीतकांत लिहा.

मग कोणाला काय दिसणार, म्हणजे परवानग्या. ‘ॲडमिन आणि युजर’ असं सुरू होतं आणि ‘विभागप्रमुखाला फक्त त्याच्या विभागाच्या, पण तो रजेवर असला तर…’ इथपर्यंत जातं. टेस्टिंग करताना प्रत्येक स्क्रीन प्रत्येक भूमिकेतून तपासावी लागते, म्हणजे इथे नुसती बेरीज नाही, गुणाकार आहे. याशिवाय सर्व्हर उभे करणं, बॅकअप, लॉग, डिप्लॉयमेंट, वापरणाऱ्यांना शिकवणं, सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे. यांतलं जे तुमच्या तासांच्या दरात आधीच मुरलेलं आहे ते पुन्हा धरू नका, जे नाही ते धरा. म्हणून म्हटलं, दर स्वतःचा हवा. त्यात काय आहे आणि काय नाही हे तुम्हालाच माहीत असतं.

वाट बघणं हा श्रम नाही, पण मुदत तो खातो. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं टेस्ट लॉगिन मिळायला तीन आठवडे लागले तर मनुष्यतास शून्य खर्च होतात आणि महिना मात्र जातो. ही ओळ तासांच्या शीटमध्ये नाही, वेळापत्रकात घाला, आणि समोर ‘जबाबदारी: क्लायंट’ असं स्पष्ट लिहा.

जिथे पॉइंट मोजता येत नाहीत, उदाहरणार्थ ती जोडणी किंवा डेटा स्थलांतर, तिथे कामाचे तुकडे करून प्रत्येकाला तीन आकडे द्या: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, अडलं तर. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झालेल्या पर्ट पद्धतीत यांचा मेळ असा घालतात: पहिला, मधल्याची चौपट आणि तिसरा यांची बेरीज भागिले सहा. हे का करायचं ते उदाहरणाने कळेल. नऊ तुकडे आहेत, प्रत्येकाचे आकडे २, ४ आणि १२ दिवस. तुम्ही एरवी फक्त मधले आकडे बेरजेला घेता, ३६ दिवस. सूत्राने प्रत्येक तुकडा ५ दिवसांचा, एकूण ४५. प्रत्येक तुकड्याचा ‘नेहमीचा’ आकडा बरोबर असूनही बेरीज नऊ दिवसांनी कमी पडते. कारण काम लवकर संपलं तर फार तर दोन दिवस वाचतात, आणि अडलं तर आठ वाढतात.

एक सावधगिरी मात्र हवी. पर्टची पुस्तकी रीत सांगते की प्रत्येक तुकड्याचं प्रमाण विचलन (आकडा सरासरीपासून साधारण किती ढळतो ते) म्हणजे तिसरा वजा पहिला भागिले सहा, इथे १.६७ दिवस, आणि नऊ तुकड्यांचं मिळून फक्त ५, कारण एकाचा उशीर दुसऱ्याच्या लवकर संपण्याने भरून निघतो. हे खरं ठरतं ते तुकडे एकमेकांवर अवलंबून नसले तर. सॉफ्टवेअरमध्ये नऊही तुकड्यांना उशीर करणारं कारण बहुधा एकच असतं: समोरच्या प्रणालीचं डॉक्युमेंटेशन चुकीचं, किंवा निर्णय घेणारा माणूस उपलब्ध नाही. सगळे एकत्र अडले तर ते विचलन ५ नाही, १५ च्या घरात जातं. मी दोन्ही आकडे काढतो आणि मोठ्याच्या जवळ राहतो.

‘अडलं तर’चा आकडा टीमकडून घेताना तो पुरेसा वाईट असेल असं समजू नका. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज ३३.९ दिवस. सगळं शक्य तितकं वाईट घडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही कमी पडली. माणूस आपल्या कामाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणतो, आणि त्या चित्रात आजारपण, दुसऱ्या प्रोजेक्टचा तातडीचा बग, बंद पडलेला सर्व्हर नसतात. म्हणून टीमला ‘किती लागतील?’ याआधी ‘मागच्या वेळी असंच काम किती दिवस चाललं होतं?’ हे विचारा.

विचारताना सगळ्यांनी आकडा एकाच वेळी उघड करावा. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली सुचवलेल्या प्लॅनिंग पोकरचा, म्हणजे प्रत्येकाने आपला अंदाज पत्त्यावर एकदम दाखवायच्या रीतीचा, खरा फायदा एवढाच आहे, पत्ते निमित्तमात्र. सीनिअरने आधी ‘तीन दिवसांचं काम आहे’ म्हटलं की बाकीचे अडीच ते चारमध्येच बोलतात. एकाने ३ आणि दुसऱ्याने १३ दाखवले तर सरासरी काढू नका, १३ वाल्याला बोलतं करा. बहुधा त्याला एखादी अशी ओळ माहीत असते जी बाकीच्यांना दिसलेली नाही.

स्टोरी पॉइंटबद्दल, म्हणजे टीमने कामाच्या प्रत्येक तुकड्याला दिलेल्या सापेक्ष गुणांबद्दल, थोडक्यात. एक टीम, एक बॅकलॉग (उरलेल्या कामांची यादी) आणि चालू काम असेल तर ते उपयोगी आहेत: गेल्या काही स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या फेऱ्यांमध्ये, किती पॉइंट झाले त्यावरून उरलेलं कधी संपेल हे बऱ्यापैकी कळतं. तुमच्यासारख्या अजून सुरूच न झालेल्या कामाला मागचा वेगच नाही, त्यामुळे उत्तरही नाही. आणि ‘एक पॉइंट म्हणजे आठ तास’ असं एकदा ठरलं की ते पॉइंट राहत नाहीत, तासच राहतात. काम सुरू झाल्यावर दर आठवड्याला किती गोष्टी पूर्ण झाल्या याची नोंद ठेवा, आणि सहा-आठ आठवड्यांनंतर त्याच आकड्यांतून यदृच्छेने आकडे उचलून उरलेल्या यादीचा शेवट हजारदा काढून बघा. साध्या स्प्रेडशीटमध्ये जमतं, आणि तेव्हाचं ते उत्तर आजच्या माझ्या सगळ्या गणितापेक्षा चांगलं असेल.

हल्ली कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांमुळे ‘आता निम्मा वेळ धरा’ असंही सांगितलं जातं. टाइमशीटमध्ये बघा, प्रत्यक्ष कोडिंगचा वाटा किती आहे. तो एक तृतीयांश असेल आणि कोडिंग दुप्पट वेगाने झालं, तर एकूण श्रमांत सहावा हिस्सा वाचतो. एक्सेलमधला तो ग्राहक तीन स्पेलिंगांनीच राहतो.

आता बफर. ठरावीक टक्के वर घालण्याच्या मी विरोधात आहे. ते टक्के कशासाठी आहेत हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून ते सगळ्यात आधी कापले जातात. प्रत्येक ओळीत लपवलेले जादा दिवसही नकोत. काम दिलेल्या वेळेत पसरतं आणि ते दिवस गुपचूप संपतात. त्याऐवजी नाव असलेल्या जोखमी लिहा: जोडणी अडली तर इतके तास, डेटा खराब निघाला तर इतके, रिपोर्ट वाढले तर प्रत्येकी इतके. नाव असलेली ओळ कापायची तर कापणाऱ्याला ‘ही गोष्ट घडणार नाही’ असं म्हणावं लागतं, आणि ते लेखी म्हणायला सहसा कोणी तयार होत नाही.

क्लायंटला पाठवायच्या मेलमध्ये एकच आकडा देऊ नका. ‘सध्याच्या टिपणावरून सहा ते आठ महिने, दोन ते तीन माणसं. दोन आठवड्यांत पुढील सात प्रश्नांची उत्तरं, डेटाचा नमुना आणि जोडणीसाठी टेस्ट लॉगिन मिळालं तर अरुंद रेंज देऊ’ असं लिहा. खाली गृहीतकं: चार रिपोर्ट, तीन भूमिका, एक भाषा, मोबाइल ॲप नाही, जुन्या बंद तक्रारी आत घ्यायच्या नाहीत. सोबत ती १४२ पॉइंटची यादीही जोडा. पुढे कोणी पाचवा रिपोर्ट मागितला की वाद होत नाही, यादीत एक ओळ वाढते आणि तिचे पाच पॉइंट मोजले जातात. चर्चेत, फोनवर, लिफ्टमध्ये तोंडी आकडा देऊ नका. तो एकदा तोंडातून गेला की पुढची प्रत्येक शीट त्याच्याशीच ताडली जाते.

आणि ‘तीन महिन्यांतच हवं’ असं उत्तर आलं तर? तासांवर घासाघीस करू नका, यादीवर करा. फक्त ग्राहक, तंत्रज्ञ आणि तक्रार हे तीन गट, तक्रारीच्या पाच नोंदी, ग्राहकाच्या दोन, तंत्रज्ञाची एक, दोन शोध आणि एक रिपोर्ट एवढंच पहिल्या टप्प्यात घेतलं तर ६४ पॉइंट होतात. दोन माणसं तीन महिने म्हणजे ९१२ तास. ११ च्या दराने ७०४ तास लागतात, ते बसतात. १६ च्या दराने १०२४ लागतात, ते बसत नाहीत. अकाउंटिंगची जोडणी या टप्प्यात नाही, म्हणून मी ११ च्या बाजूला झुकेन आणि तीन महिने मान्य करेन, अट एकच: जुना डेटा दुसऱ्या टप्प्यात. तीही मान्य नसेल तर तीन महिन्यांचा शब्द देऊ नका.